ताज्या फुलांचे दागिने थंड गोंदाने कसे करावेत: विदर्भातल्या उन्हाळ्यासाठी मार्गदर्शन

डोहाळजेवणाची वाडी, हळदीच्या दिवशी नवरीने घालायचे कानातले, बारशाला बाळाच्या आत्याच्या हातातले कडे, असे ताज्या फुलांचे दागिने आपल्या गावांत आजवर सुई-दोऱ्यानेच होत आले आहेत. मोगरा, झेंडू, शेवंती यांच्यासाठी दोरा उत्तमच आहे. मात्र ऑर्किडचे एकच फूल अंगठीवर बसवायचे असेल, कड्यावर संत्र्याची पाने एकाशेजारी एक सपाट लावायची असतील, किंवा कानातल्याच्या रुपयाएवढ्या चकतीवर तीन प्रकारची बारीक फुले दाटीने मांडायची असतील, तर दोरा पुरा पडत नाही. अशा कामासाठी फुलांचे कारागीर जो गोंद वापरतात, तो बाजारात ‘फ्लोरल अ‍ॅडहेसिव्ह’ किंवा ‘फ्लोरल ग्लू’ या नावाने मिळतो. तो पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. हा गोंद फुलाला धरून ठेवतो, ताजे ठेवत नाही. देठ कापला की फुलाला मिळणारे पाणी थांबते आणि पाकळ्यांत जेवढे साठले आहे तेवढ्यावरच त्याला पुढचे तास काढावे लागतात. मे महिन्यात अकोला, वर्धा, चंद्रपूर या भागांत पारा ४५ अंशांच्या आसपास असताना आणि हवा कोरडी असताना हा साठा फार लवकर संपतो. म्हणून आपल्याकडे दागिना टिकेल की नाही, हे गोंदाची ट्यूब उघडण्याआधीच, फूल निवडताना आणि त्याला पाणी पाजताना ठरलेले असते. नवे शिकणारे बहुधा उलट करतात: सगळे लक्ष चिकटवण्याच्या कौशल्यावर देतात आणि फुले मात्र सकाळी मिळतील तशी उचलतात.

गोंद कोणता आणि का

फ्लोरल अ‍ॅडहेसिव्ह हा द्रावकात विरघळवलेला, उष्णता न देता वापरायचा गोंद आहे. द्रावक हवेत उडून जातो आणि मागे लवचिक, पारदर्शक थर उरतो. हा थर पाण्याने सुटत नाही, गारव्यात कडक होऊन तडकत नाही आणि पाकळीला भाजत नाही. या तीन गुणांसाठीच तो घ्यायचा असतो. ओअसिस या कंपनीचा ट्यूबमधला गोंद या कामात बराच प्रचलित आहे. दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा घेतला तरी चालेल, फक्त तो ताज्या फुलांसाठी असल्याचे वेष्टनावर लिहिलेले असावे. तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानात तो सहसा नसतो. नागपूरला सीताबर्डीच्या फूलबाजाराच्या आसपास सजावटीचे सामान विकणाऱ्या दुकानांत चौकशी करावी, किंवा घरपोच मागवावा.

घरात असलेल्या इतर गोंदांवर काम भागवण्याचा मोह होतो, तो आवरावा. ग्लू गनमधून बाहेर पडणारा वितळलेला गोंद शंभर अंशांच्या बराच वर तापलेला असतो. त्याने नाजूक पाकळी करपते, आणि दागिना फ्रिजमध्ये ठेवल्यावर तोच गोंद ठिसूळ होऊन फुले टपाटप सुटतात. पांढरा फेविकॉल पाण्यात कालवलेला असल्यामुळे ओलसर पाकळीवर वाळतच नाही. फेविक्विकसारखा झटपट गोंद कातडीला क्षणात चिकटतो आणि सुती कापडावर सांडला तर चांगलाच तापतो. कानाजवळ, कपाळावर आणि हातावर घालायच्या वस्तूसाठी तो वापरू नये.

फ्लोरल अ‍ॅडहेसिव्हचीही काळजी घ्यावीच लागते. त्याचा द्रावक पेट घेणारा आहे आणि त्याच्या वाफा डोके दुखवतात. चूल, गॅसची शेगडी, देवापुढचा दिवा, उदबत्ती यांपैकी काहीही जवळ नसेल अशा मोकळ्या जागी काम करावे. पडवी किंवा दोन्ही बाजूंनी खिडक्या असलेली खोली चांगली. डोहाळजेवणाची वाडी करताना गर्भवतीला समोर बसवून तिच्या अंगावर मापे घेत चिकटवण्याची पद्धत टाळावी. मापे आदल्या दिवशी दोऱ्याने घ्यावीत, दागिने दुसऱ्या खोलीत करावेत आणि वास पूर्ण गेल्यावरच तिला घालावेत. गोंद कातडीवर थेट लावून फूल चिकटवणे तर कुणाच्याही बाबतीत करू नये.

कोणती फुले, कोणती पाने

फूल टिकाऊ आहे की नाही, हे पुस्तकावरून किंवा कुणाच्या सांगण्यावरून ठरवण्यापेक्षा स्वतः पाहावे. कार्यक्रमाच्या काही दिवस आधी जी फुले वापरायची आहेत त्यांतले प्रत्येकी एक-दोन नमुने पाणी पाजून, देठ आखूड कापून, सकाळी अकराच्या सुमारास एका ताटलीत उघड्यावर ठेवून द्यावेत आणि दुपारी चारला पाहावेत. जी फुले माना टाकतात ती वगळावीत. या साध्या चाचणीने पैसाही वाचतो आणि ऐन कार्यक्रमात होणारी फजितीही टळते.

सर्वसाधारणपणे जाड, मेणचट पाकळी पाणी लवकर सोडत नाही आणि पातळ, रुंद पाकळी लवकर सोडते. या हिशेबाने ऑर्किड, निशिगंधाच्या सुट्या कळ्या, बटनशेवंती, घट्ट मिटलेल्या गुलाबकळ्या, गोमफ्रेनाची गुंडीसारखी फुले आणि न उमललेला मोगरा ही नवशिक्यांसाठी योग्य निवड आहे. झेंडूचे फूल टिकते, पण वजनदार असते आणि त्याचा रंग फिक्या साडीला लागतो; लहान आकाराचे घ्यावे. बोगनवेलीचा जो रंगीत भाग आपण फूल समजतो तो मुळात पानाचाच प्रकार आहे, त्यामुळे तो कागदासारखा सुकला तरी रंग बराच राखतो आणि मधल्या फटी भरायला फार उपयोगी पडतो. रोपवाटिकेत मिळणारी सक्युलंटची छोटी गुलाबाकार रोपे सर्वांत खात्रीची, कारण त्यांची पानेच पाण्याने भरलेली असतात. किंमत थोडी जास्त पडते, मात्र कार्यक्रम झाल्यावर ती काढून पुन्हा मातीत लावता येतात.

जास्वंद, पारिजातक, गुलबाक्षी आणि तेरडा ही फुले कितीही सुंदर असली तरी गोंदाच्या कामाला घेऊ नयेत. तोडल्यावर ती फार लवकर कोमेजतात. फाल्गुनात आपल्या रानांत फुलणारा पळस सगळ्यांनाच भुरळ घालतो, पण ज्या रंगासाठी पळसफुले होळीला उकळली जातात, तोच रंग घामाने ओली झालेली पाकळी साडीवर सोडते. त्याची मखमली काळपट कळी देठासह बाहेरच्या कडेला, कापडापासून दूर बसवली तर ठीक. कण्हेर आणि रुई मात्र पूर्ण वर्ज्य समजावीत. कण्हेरीचे सर्व भाग विषारी आहेत, आणि रुईचा चीक कातडीला त्रास देतो व डोळ्यात गेला तर गंभीर इजा करू शकतो. मारुतीच्या माळेत रुई शोभते, माणसाच्या कानात नको. शेवंती आणि झेंडू यांनीही काही जणांच्या अंगाला खाज सुटते. ज्या व्यक्तीसाठी दागिना आहे तिला आधी विचारून घ्यावे.

पानांच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या पट्ट्यात ज्यांच्या शेतात किंवा शेजारी संत्र्याची बाग आहे, त्यांना या कामासाठी याहून चांगले पान शोधण्याची गरज नाही. संत्र्याचे पिकट नसलेले पण जून पान जाड, चकचकीत आणि गर्द हिरवे असते, कापल्यावरही तासन्‌तास तजेलदार राहते आणि कड्याच्या रुंदीला बरोबर बसते. पाने छाटणीच्या फांद्यांवरून घ्यावीत. आंबिया बहाराच्या वेळी मोहक वासाची फुले तोडण्याचा विचारही करू नये. प्रत्येक फुलामागे बागवानाचे फळ आहे. बाग नसेल तर आंब्याचे किंवा पेरूचे जून पान चालते. मात्र पान असो वा फूल, ज्या शेतावर अलीकडे फवारणी झाली आहे तिथले घेऊ नये. शेतमालकाला शेवटची फवारणी केव्हा झाली, ते स्पष्ट विचारावे, आणि तरीही पाने धुऊन घ्यावीत. हा दागिना तासन्‌तास कातडीला लागून राहणार आहे.

पाणी पाजणे

फुले सूर्य वर येण्याआधी तोडावीत. रात्रभरात झाडाने पाणी भरून घेतलेले असते आणि पाकळ्या टवटवीत असतात. देठ धारदार कात्रीने तिरपा कापून लगेच स्वच्छ पाण्याच्या गंजात खोलवर बुडवावा. पाण्याखाली जाणारी पाने काढून टाकावीत, कारण ती कुजून पाणी खराब करतात. बाजारातून आणलेल्या फुलांचे देठ बांधलेल्या जुडीत कोरडे पडलेले असतात, म्हणून घरी आणल्याबरोबर देठाचे टोक पुन्हा नव्याने कापावे. गंज अंधाऱ्या, गार खोलीत किमान चार-पाच तास, शक्य असेल तर रात्रभर ठेवावा. मोगऱ्यासारखी देठ नसलेली फुले ओल्या सुती कापडात सैल गुंडाळून ठेवावीत.

इथे एक धोका आपल्या घरांत हमखास असतो आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. लग्नसराई आणि आंब्याची अढी एकाच महिन्यात येतात. पिकणाऱ्या आंब्यांतून आणि केळ्यांतून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो, जो फळे पिकवतो तसाच फुलांना अकाली कोमेजवतो. ऑर्किड आणि कार्नेशन त्याला विशेष बळी पडतात. ज्या खोलीत अढी घातली आहे तिथे, किंवा ज्या फ्रिजमध्ये आंबे आहेत त्यात, फुले वा तयार दागिने ठेवू नयेत.

दागिन्याचा पाया

गोंद लावायला घट्ट, न वाकणारा पण अंगाला न टोचणारा पाया हवा. कड्यासाठी एक बोट रुंदीचे धातूचे उघडे कडे, अंगठीसाठी वर सपाट चकती असलेली आणि बोटाच्या मापाने सैल-घट्ट होणारी अंगठी, कानातल्यासाठी सपाट चकतीच्या कुड्या, बाजूबंदासाठी जाड साटिनची फीत आणि अंबाड्यासाठी साधी जुड्याची पिन किंवा कंगवा, एवढ्या वस्तूंवर वाडीचे बहुतेक दागिने उभे राहतात. धातूला तेलकटपणा असतो. तो साबणाने धुऊन, वाळवून घ्यावा, नाहीतर गोंद पापुद्र्यासारखा निघतो. कातडीच्या बाजूला मऊ सुती कापड किंवा फेल्टची पट्टी लावावी. पाया प्लास्टिकचा असेल तर आधी कोपऱ्यावर गोंदाचा थेंब लावून पाहावा, कारण काही प्लास्टिक द्रावकाने मऊ पडते.

पहिला दागिना: हातातले कडे

शिकण्याची सुरुवात कड्यापासून करावी. कानातले लहान असल्यामुळे सोपे वाटतात, पण त्यांत वजनाचा तोल सांभाळावा लागतो. कड्यावर चूक सुधारायला जागा असते.

१. एका वेळेला लागेल एवढाच गोंद स्टीलच्या लहान झाकणात काढावा आणि ट्यूबचे बूच लगेच घट्ट लावावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात द्रावक पाहता पाहता उडतो. याच कारणासाठी कुलरचा झोत थेट कामावर घेऊ नये. कुलरची गार, दमट हवा फुलांना मानवते, पण झोतामुळे गोंदावर साय धरते. कुलर खोलीत असावा, तोंड दुसरीकडे असावे.

२. संत्र्याची पाने ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करावीत. पानाच्या खालच्या, कमी चकचकीत बाजूला गोंदाचा पातळ थर द्यावा, कड्यालाही द्यावा आणि थांबावे. दोन्ही थर बोटाला चिकट लागतील पण ओले लागणार नाहीत, अशा अवस्थेला आले की मग एकमेकांवर दाबावेत. याला साधारण अर्धा ते एक मिनिट लागतो, कडक उन्हाळ्यात त्याहूनही कमी. नव्यांची सर्वाधिक चूक इथेच होते. ओला गोंद ओल्या गोंदावर दाबला की पान सरकत राहते. मग माणूस आणखी गोंद ओततो आणि तो कडेने बाहेर येऊन चमकतो. गोंद कमी, थांबणे पुरेसे, दाबणे घट्ट, असा क्रम ठेवावा.

३. पाने एकावर एक थोडी चढवत, घराच्या कौलांप्रमाणे, पूर्ण कडे झाकून घ्यावे. टोके बाहेरच्या बाजूला राहू द्यावीत.

४. आता फुले पाण्यातून एकेक करून काढावीत. सगळी एकदम काढून ताटात मांडून ठेवू नयेत. देठ फुलाच्या अगदी तळाशी कापावा, पण पाकळ्यांना धरून ठेवणारा हिरवा पेला तसाच ठेवावा; तो कापला की गुलाबकळी हातातच विस्कटते. कापलेला भाग टिपकागदाने कोरडा करावा आणि त्यावरच गोंद लावावा, म्हणजे ती जखमही बंद होते आणि तिथून होणारी पाण्याची गळती कमी होते.

५. पानाचा वरचा भाग गुळगुळीत असतो, म्हणून जिथे फूल बसणार आहे तिथे गोंदाचा एक थर देऊन वाळू द्यावा आणि त्यावर दुसरा थर द्यावा. गोंद लावायला खराट्याची काडी पुरते.

६. सर्वांत मोठे फूल आधी, मधोमध न ठेवता किंचित एका बाजूला बसवावे. त्याच्या दोन्ही अंगांना मध्यम आकाराची फुले, मग कळ्या आणि शेवटी बोगनवेलीच्या तुकड्यांनी फटी. प्रत्येक फूल दहापर्यंत सावकाश मोजत हलके दाबून धरावे. फुले मनगटाच्या फक्त वरच्या बाजूला असावीत. खालच्या बाजूला लावलेली फुले ताटाला, पदराला आणि टेबलाला घासून हमखास चुरगळतात.

७. गोंदाच्या कोळिष्टकासारख्या बारीक तारा निघतात. त्या ओल्या असताना पुसल्या तर पाकळीवर पसरतात, म्हणून वाळल्यावर काडीने गुंडाळून उचलाव्यात.

काही मिनिटांत कडे उचलण्याजोगे होते, पण गोंदाला पूर्ण बळ यायला काही तास लागतात. तोवर ते कुणाला घालून पाहू देऊ नये. कितीही आग्रह झाला तरी नाही म्हणावे.

इतर दागिने

कानातल्यात वजन हाच मुख्य विचार. चकतीएवढे पान, त्यावर एक ऑर्किड किंवा दोन-तीन निशिगंधाच्या कळ्या, एवढ्यावर थांबावे. जोडीतले दोन्ही कानातले तळहातांवर तोलून पाहावेत. बिंदीसाठी साखळी किंवा दोरा केसांत अडकणारा असावा आणि फुलांचा भाग कपाळाला लागणाऱ्या बाजूने कापडाने झाकलेला असावा, कारण कपाळाला घाम सर्वांत आधी येतो. बाजूबंद करताना फीत सपाट ठेवून चिकटवू नये. ती बाटलीभोवती गुंडाळून, दंडाच्या गोलाईतच काम करावे, नाहीतर बांधताना फुले उचकटतात.

कंबरपट्टा, गळ्यातला हार, मुंडावळ्या आणि गजरा गोंदाने करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. हे दागिने सतत हलतात, वाकतात, आणि दोऱ्यावर ओवलेले फूल जसे मोकळेपणाने हलते तसे चिकटवलेले हलू शकत नाही. आपल्या आज्यांचे हात ज्या कामात तरबेज आहेत ते काम त्यांच्याकडूनच शिकावे. वाडीचा हार आणि गजरा सुईचा, तर कानातले, बिंदी, अंगठी आणि कडे गोंदाचे, अशी विभागणी सर्वांत चांगली दिसते.

कार्यक्रमापर्यंत जपणूक

दागिने आदल्या संध्याकाळी करावेत किंवा त्याच दिवशी पहाटे. दुपारी बाराची हळद असेल आणि घरी फ्रिज नसेल, तर पहाटेचेच काम बरे. तयार दागिना स्टीलच्या किंवा प्लास्टिकच्या रुंद डब्यात, तळाशी ओलसर सुती कापड, त्यावर कोरडा कागद आणि त्यावर दागिना, अशा रीतीने ठेवून झाकण लावावे. पाण्याचे थेंब पाकळीवर थेट साचू देऊ नयेत. त्यांचे डाग पडतात. फ्रिज असेल तर डबा खालच्या कप्प्यात ठेवावा. ऑर्किड मात्र उष्ण प्रदेशातले फूल आहे. फार गारव्यात रात्रभर राहिले तर काळपटते, म्हणून ते असलेले दागिने फ्रिजबाहेर, गार खोलीत ठेवावेत.

वीज गेली किंवा फ्रिजच नसला तरी अडत नाही. पाण्याचा माठ ज्या ओल्या वाळूवर ठेवतो तिच्या शेजारी डबा ठेवून त्यावर भिजवलेले गोणपाट पांघरावे आणि ते वाळू देऊ नये. विदर्भातली कोरडी हवा फुलांची शत्रू असली, तरी तिच्यातच गोणपाटातले पाणी भराभर उडते आणि डबा खोलीपेक्षा बराच गार राहतो.

दुसऱ्या गावी न्यायचे असेल तर थर्माकोलच्या पेटीत बर्फाची पिशवी तळाशी, तिच्यावर वर्तमानपत्राचा जाड थर आणि मग डबा ठेवावा. बर्फ आणि फूल यांचा स्पर्श होऊ नये. दुचाकीवर पेटी मागे बांधण्याऐवजी कुणाच्या तरी मांडीवर द्यावी, आणि एसटीने जाताना खिडकीच्या उन्हाच्या बाजूला बसू नये. गोंदाची ट्यूब, काडी आणि ओल्या कापडात गुंडाळलेली चार-सहा सुटी फुले सोबत असावीत. एखादे फूल निघाले तर तिथल्या तिथे बसवता येते. दागिने अंगावर चढवणे हे साडी, केस आणि हळदकुंकू सगळे झाल्यावर, अगदी शेवटी करावे.

बचत गटातून किंवा स्वतंत्रपणे हे काम विकायचे असेल, तर किंमत ठरवताना वाया जाणारी फुले मोजायला विसरू नये. जुडीतली सगळीच फुले दागिन्याच्या लायक नसतात, आणि चाचणीसाठी ठेवलेली फुलेही खर्चच आहेत. गिऱ्हाइकाला फुले किती तास टिकतील ते चाचणीवरून प्रामाणिकपणे सांगावे.

कार्यक्रम झाल्यावर पाया फेकू नये. फुले सुकली की गोंदाचा थर नखाने कडेपासून उचलला असता धातूवरून पट्टीसारखा निघून येतो. उरलेले डाग कोमट पाण्यात साबणाने घासून काढावेत आणि कडे कोरडे करून पुढच्या कामासाठी ठेवावे. बोटांना लागलेला गोंद ओढून काढू नये. त्यावर थोडे खोबरेल तेल चोळून काही मिनिटे थांबावे, आणि गोंद मऊ पडून गोळे होऊ लागले की साबणाने हात धुवावेत.